भिंतीची फांदी

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. आमच्या शाळेची मागची भिंत पडली, खिचडीच्या मावशींचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हा सगळे धरून चालले की चूक भूगोलाच्या सरांची झाली. सरांनीही तसंच धरलं. आजही ते तसंच धरून आहेत. चूक त्यांची नव्हती. माझी होती. हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही.

आता सरांविषयी.

मी सोलापुरात त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो तेव्हा सर पन्नाशी ओलांडलेले होते. उंच, जरा पुढं झुकलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात शिट्टी. शर्टाच्या खिशात टॉर्च. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, "सर, दिवसा टॉर्च कशाला?"

"अंधार काय सांगून येतो का हो?" ते म्हणाले. हसले नाहीत. सर विनोद करत नसत, त्यांचे होऊन जात.

पोरं त्यांना 'समजा सर' म्हणत. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू व्हायचं. समजा, जिन्यावर पाणी सांडलं. समजा, घंटा झाली आणि दोन वर्ग एकदमच बाहेर पडले. समजा, गेटासमोर रिक्षा उभी आहे आणि मागून टेम्पो आला. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराच्या चौकटीत असे, येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून जावं लागे. "छत पडतं, चौकट सगळ्यात शेवटी पडते," हे त्यांचं उत्तर. पंख्याखाली ते कधी उभे राहिले नाहीत. आमच्या सोलापूरच्या एप्रिलमध्येसुद्धा नाहीत. डबा उघडला की शेंगाचटणीतून बोट फिरवायचे, एखादा खवट दाणा नाही ना म्हणून, आणि मग भाकरीला हात.

शनिवारी दुपारी ते वळसंगला बहिणीकडं जात. एसटीत बरोब्बर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि त्याला डुलकी लागू नये म्हणून वाटभर त्याच्याशी बोलायचे. एकदा मीही त्याच गाडीत होतो. कुंभारीच्या पुढं ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, "मास्तर, पाया पडतो, तुमी झोपा की जरा. म्हंजी मला गाडी चालवता यील." अख्खी एसटी हसली. सर मात्र समाधानानं मागं टेकले. ड्रायव्हर जागा आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

शाळेच्या भोवताली सगळे यंत्रमाग. दिवसभर खटखट, खटखट. नव्या माणसाचं डोकं उठायचं. आम्हाला ती ऐकूही येत नसे. सरांना मात्र ती थांबली की भीती वाटायची. वीज गेली आणि सगळे माग एकदम गप्प झाले की ते शिकवता शिकवता थांबत, मान वर करत, "अय्यो शिवने," असं कानडीत पुटपुटत आणि दारात येऊन उभे राहत. "आवाज का थांबला? बघा कुणीतरी." काही नसायचं. वीज गेलेली असायची.

हे सगळं आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी त्यांच्या आईनं दोघा भावांना सगळ्याची भीती घालून ठेवली होती. विहीर, बैल, साप, कडब्याची गंज. धाकटा भाऊ फार गुणी. विहिरीकडं गेला नाही, बैलापुढं गेला नाही. ओट्यावर बसून बोरं खात होता. बी घशात अडकली. "बोराची बी कुणी मांडली नव्हती हो," सर म्हणाले. "आईनं सगळं मांडलं, तेवढंच राहिलं. जे मांडलं ते घडत नाही. मांडायचं राहतं ना, तेच घडतं."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

म्हणून ते मांडत बसत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला, मधोमध एक गोल, त्यातून रेघा, रेघांतून आणखी रेघा. कागद पुरला नाही की दुसरं कॅलेंडर खळीनं चिकटवायचे. टेबलावर मावेना, तेव्हा जमिनीवर पसरून गुडघ्यावर बसून लिहायचे. ते पाहून मला राहवलं नाही. मी त्यांना लॅबमध्ये नेलं आणि असंच काम करणारं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दाखवलं. माइंड मॅपिंगचं. मधोमध विषय, भोवती फांद्या.

"फुकट?"

"हो सर."

"कोण देतंय? आणि का देतंय?"

"जगभरची माणसं मिळून बनवतात. कुणीही वापरावं म्हणून."

"समजा, उद्या त्यांनी पैसे मागितले?"

"नाही मागत, सर."

"समजा, त्यांचं भांडण झालं आणि त्यांनी ते बंद केलं?"

"आपल्याकडं उतरवून घेतलेलं आपल्याकडंच राहतं."

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. मग एकेका बोटानं टाइप करून पहिली फांदी काढली: 'हे फुकट का?' ती फांदी शेवटपर्यंत त्यांच्या नकाशात होती. तिचं समाधान कधी झालंच नाही.

मी त्यांना कळा शिकवल्या. इन्सर्ट दाबलं की फांदीला पोर होतं. एंटर दाबलं की भाऊ होतो. डिलीट दाबलं की फांदी गेली. आणि स्पेस, कीबोर्डवरची सगळ्यात मोठी कळ, ती दाबली की फांदी मिटते. "जात नाही सर, नुसती मिटते. आतलं सगळं आत राहतं. टोकाला एवढंसं वर्तुळ दिसतं. पुन्हा दाबली की उघडते."

"मिटायची कशाला?" सर म्हणाले. "दिसलं नाही तर मांडून काय उपयोग?"

फांदी मिटायला ती कळ त्यांनी कधी वापरली नाही.

शाळेचा नकाशा त्यांनी एका सत्रात उभा केला. मधोमध 'शाळा: काय होऊ शकतं?' आणि भोवती वीज, जिना, पाण्याची टाकी, रस्ता, कुत्री, स्वयंपाकघर. जे फार वाईट त्याला लाल झेंडीचं चिन्ह. मोठमोठ्या लाल झेंड्या एकाच फांदीवर होत्या: मागची भिंत. तिची पोरं मला पाठ आहेत. 'तडा, बोट जातं.' 'मध्ये फुगली आहे.' 'पाया धुपला आहे.' 'दुपारी सावली पडते, माणसं बसतात.' दर सोमवारी सर मागं जाऊन त्या तड्यात बोट घालून बघत. आधी नखापर्यंत जायचं. मग पेरापर्यंत जायला लागलं. परत आले की कुणाशी न बोलता चौकटीतल्या खुर्चीत बसायचे, ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून.

नकाशा ते फ्लेक्सवाल्याकडून छापून आणत आणि व्हरांड्यात लावत. पोरं त्याला झाड म्हणत, पुढं उभी राहून वाचत, एकमेकांना भिववत. आणि या नकाशाची एक रीत पडून गेली होती. एखादी गोष्ट दुरुस्त झाली की सर ती फांदी काढून टाकत. शनिवारच्या परिपाठाला जाहीर करत: "जिन्याचा कठडा बसवला. फांदी छाटली." पोरं टाळ्या वाजवत. सर खिशातून शेंगा आणि गूळ काढून पहिल्या रांगेला वाटत. पुढचा फ्लेक्स छापला जाई तेव्हा ती फांदी त्यावर नसे. त्यामुळं साऱ्या शाळेला एक गोष्ट न शिकवता कळली होती. झाडावर आहे त्याला भ्यायचं. झाडावर नाही ते दुरुस्त झालं.

खिचडीच्या मावशी तर उघड म्हणायच्या, "सरांच्या झाडावर न्हाय, त्याला म्या न्हाय भ्येत." मावशींना वाचता येत नव्हतं. नवा फ्लेक्स लागला की एखाद्या मुलीला हाताला धरून उभं करायच्या. "वाच गं. माझ्या चुलीचं काय लिव्हलंय बघ." आणि सरांना टोमणा: "सर, येवढं झाड लावलंय, फळं कधी लागायची हो?"

"फळ लागू नये म्हणूनच झाड लावलंय, मावशी."

"असलं कसलं वो झाड!"

दोघांचं बरं जमायचं. मावशी दुपारी तांदूळ निवडायला त्या भिंतीच्या सावलीला बसायच्या. आमच्याकडं दुपारच्या सावलीची किंमत बाहेरच्याला कळायची नाही. सरांनी शिट्टी वाजवून वाजवून त्यांना तिथून उठवलं. मग भिंत झाडावर आली. तेव्हापासून मावशी स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली, भट्टीसारख्या उकाड्यात बसायला लागल्या. "तुमच्या झाडापायी भाजून निघाले बघा," म्हणायच्या. पण बसायच्या तिथंच.

एका वर्षी सरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. त्याचासुद्धा नकाशा काढला. मला दाखवला. त्यात एक फांदी होती: 'डॉक्टरला शिंक आली तर.' रजेवर जाताना म्हणाले, "नजर पार गढूळ झालीय हो. परवा माउस कुठं आणि मी कुठं. फाईल सांभाळा. समजा, मी आलोच नाही..."

"येताल हो सर."

ते रजेवर असतानाच तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार, शाळेचा सुरक्षा आराखडा बघणार. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथं संस्थेचे सचिव बसले होते. सचिव माणूस मोठा गोड. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. तेच भीतीचं.

"या, कॉम्प्युटर, या. तुमच्या त्या सरांचं झाड म्हणे फार फेमस आहे. साहेबांना तेच दाखवू की. नवं छापून घ्या, झकास, रंगीत."

"हो सर."

"तेवढं भिंतीचं राहू द्या."

मला कळलं नाही. माझं तोंड बघून ते समजावून सांगायला लागले, लहान मुलाला सांगावं तसं. भिंत कुणाची याचा शेजारच्या प्लॉटवाल्याशी कोर्टात वाद होता. आपली म्हणावं तर दुरुस्ती आपल्या गळ्यात. त्याची म्हणावं तर भिंतीलगतची जागा त्याची. निकाल लागेपर्यंत भिंतीविषयी कुणी काही बोलायचं नाही. "आपल्या कागदावर आली, की भिंत आपली झाली. कळलं ना?"

मी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते.

"पण सर, ती खरंच..."

"बरं, तुमच्या मान्यतेचं काय झालं हो?" सचिव त्याच गोड आवाजात म्हणाले. "प्रस्ताव अजून माझ्याकडंच पडलाय, नाही का?"

मी तेव्हा बिनमान्यतेचा शिक्षक होतो, शिक्षण खात्याच्या मंजुरीवाचून, कधीही काढता येईल असा. घरी दोन लेकरं, वडील अंथरुणाला. हे मी माफी म्हणून सांगत नाही. भीतीचा आकार कळावा म्हणून सांगतोय. केबिनमधून मी सरळ लॅबमध्ये गेलो.

फाईल उघडली. मागची भिंत. डिलीटवर बोट ठेवलं, आणि धीर झाला नाही. मग मी स्पेस दाबली. सगळी पोरं आत ओढून घेऊन फांदी मिटली. 'मागची भिंत' एवढे दोन शब्द आणि टोकाला वर्तुळ उरलं. पण ते दोन शब्दही नकोत, म्हणून ती फांदी उचलून मी 'इतर' नावाच्या फांदीखाली ठेवली आणि ती 'इतर'च मिटून टाकली. आता पडद्यावर नुसतं 'इतर' आणि एक ठिपका. मी काही काढलेलं नाही, असं मी स्वतःला बजावलं. सर आले की पुन्हा उघडीन. एक कळ तर दाबायची.

फ्लेक्स छापून आला. मीच व्हरांड्यात बांधला. भिंतीला तपासणीसाठी चुना मारला होता, तडा चुन्यानं बुजवला होता. पांढरीशुभ्र दिसत होती. साहेब आले, झाडासमोर उभे राहिले, "वा" म्हणाले, चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी एका मुलीला धरून फ्लेक्स वाचून घेतला. मी लॅबकडं निघालो होतो.

"सर, ओ सर. ही पोरगी म्हनतीया भिंत न्हाय झाडावर. छाटली व्हय? दुरुस्त केली जनू सुट्टीत? चुना बी मारलाय की."

मी "हं" म्हणालो.

एवढंच. 'हं' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. जन्मभर मी या 'हं'वर निभावून नेलं आहे. मावशींनी त्याचा अर्थ 'हो' घेतला. कुणीही घेतला असता. त्या दुपारी ताट आणि तांदूळ घेऊन त्या भिंतीच्या सावलीला जाऊन बसल्या. मला लॅबच्या खिडकीतून दिसल्या. आरामात पाय पसरून बसल्या होत्या. उठून जाऊन सांगावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग वाटलं, झाडावरून फांदी गेली कशी, असं त्यांनी विचारलं, तर? सचिवांच्या कानावर गेलं, तर? मी खिडकी लावून घेतली. ऊन येत होतं म्हणून, असं मनाशी म्हणालो.

मध्ये काही दिवस गेले. रोज मी खिडकी लावायचो. मग एका संध्याकाळी वळवाचा जोराचा पाऊस आला, रात्रभर पाणी मुरलं आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. पोरं खिचडी खाऊन वर्गात गेली होती. मागांची खटखट चालू होती, म्हणून पडतानाचा आवाज नीटसा आलाच नाही. काहीतरी जड ओढल्यासारखं वाटलं, एवढंच. मग खिडकीच्या फटीतून धूळ आत आली.

मावशी शुद्धीवर होत्या. कमरेखाली विटा. पांढऱ्या चुन्याच्या धुळीनं तोंड पिठासारखं झालेलं. आम्ही विटा उचलत होतो आणि त्या सारखं विचारत होत्या, "पोरं हायत का रं खाली? पोरं न्हायत न्हवं?" पोरं नव्हती. त्या एकट्याच होत्या.

त्यांना सिव्हिलला नेलं. मी रिक्षात पाय धरून बसलो होतो, हे सगळ्यांनी पाहिलं. नंतर कौतुकही केलं. सिव्हिलमधून मी घरी गेलो नाही. शाळेत आलो, लॅब उघडली, फाईल उघडली. आता चौकशी होणार, कुणीतरी फाईल बघणार, 'इतर' उघडणार, आत झेंड्यांसकट भिंत सापडणार आणि विचारणार, मिटली कुणी? त्या दिवशी मी डिलीट दाबलं. या वेळी बोट अडलं नाही.

सर दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्याबरोबर आले. काळा चष्मा, डोळ्यांतून पाणी. थेट व्हरांड्यात फ्लेक्ससमोर उभे राहिले. बोटानं एकेक फांदी धरत गेले. वीज. जिना. कुत्री. रस्ता. 'इतर'वरूनही बोट गेलं, टोकाचा ठिपका त्यांना दिसला नाही. परत पहिल्यापासून. मी मागं उभा होतो.

"भिंत?" ते म्हणाले.

मी फ्लेक्सची सैल झालेली दोरी आवळायला लागलो.

"फाईल दाखवा."

दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पडद्याला नाक लावलं. लाल झालेले डोळे पुसत पुसत पाहिलं. "नाहीये," म्हणाले. मग फार हळू, स्वतःशीच बोलावं तसं: "जायच्या आधी टाकीची फांदी छाटली होती मी. दिसत नव्हतं नीट. टाकीच्या शेजारीच भिंत होती. चुकून... माझ्या हातून गेली असेल का हो?"

माझ्याकडं त्यांनी वळून पाहिलं. मला वाटतं, मी नाही म्हणावं म्हणून पाहिलं.

"असेल, सर," मी म्हणालो.

'समजा' हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

संध्याकाळी ते मावशींना भेटायला सिव्हिलला आले. मीही होतो. मावशी पडल्या पडल्या हसल्या. त्यांना वाटलं, सरांचं तोंड उतरलंय, जरा चेष्टा करावी. म्हणाल्या, "लागलं की वो सर फळ तुमच्या झाडाला." सर कॉटचा गज धरून खाली बसले. एवढा उंच माणूस जमिनीवर बसला आणि कानडीत काहीतरी बोलत राहिला. मावशी घाबरल्या. "अवो सर, चेष्टा केली म्या. भिंतच ती, पडायचीच की. उठा बरं."

पुढं शाळेत सभा झाली. चौकशीत भिंत जुनी होती, पावसानं पडली, मालकी न्यायप्रविष्ट, एवढंच निघालं. विषय संपलाच होता. तेवढ्यात सर उभे राहिले. "फांदी माझ्या हातून गेली," म्हणाले. "मावशी त्यामुळं तिथं बसल्या. दुरुस्त झालंय असं त्यांना माझ्या झाडानं सांगितलं." सगळे खाली बघत होते. सचिव उठून त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "होतं सर. वयोमानानं होतं. मनाला लावून घेऊ नका." मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सचिवांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

माझी मान्यता त्याच उन्हाळ्यात आली. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

आणखी एक गोष्ट आहे. पुढं कधीतरी ती मशीन साफ करताना मला कळलं की ते सॉफ्टवेअर, फुकटचं असून, न सांगता जुन्या प्रती एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं. त्यात एक प्रत होती. 'इतर', एक ठिपका. मी स्पेस दाबली. भिंत उघडली, सगळ्या झेंड्यांसकट. 'दुपारी सावली पडते, माणसं बसतात.' माझ्यापेक्षा ते सॉफ्टवेअर प्रामाणिक निघालं. ती प्रत मी पेनड्राइव्हवर घेतली. का घेतली, सांगता येत नाही. पुसून टाकायची म्हणून घेतली असेल. पुसली नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी वळसंगला गेलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एसटीत ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामी होती; मी तिथं बसलो नाही. सरांच्या बहिणीनं दारातूनच ओळखलं. "बर्री, बर्री. या आत. दादा, शाळेतले सर आलेत बघ." मग आवाज उतरवून मला म्हणाली, "गॅस बंद हाय का म्हणून विचारतील. व्हय म्हणा, तरी चारदा विचारतील. भाकरी खाल्ली का न्हाई, तेबी मलाच विचारतात. डॉक्टर म्हणतो डोकं चांगलं हाय. भरवसाच उडालाय बघा स्वतःवरचा."

सर खिडकीपाशी जुना लॅपटॉप घेऊन बसले होते. तेच सॉफ्टवेअर. मधोमध लिहिलं होतं: 'मी काय विसरलो?' भोवती शेकडो फांद्या. वाचवत नव्हत्या. नळ. कडी. कुणाला काय बोललो. अमुक मेलेला आहे की जिवंत. सरांनी माझा हात धरला. "ही फांदी बघा. काल होती का ही?"

"मला काय ठाऊक सर, मी आज आलो."

"हां. खरंय."

मग माझं लक्ष कीबोर्डकडं गेलं. वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं. डिलीटची कळ तिथं नव्हती, कुणीतरी टोकदार वस्तूनं उपसून काढल्यासारखी. सरांनी माझी नजर ओळखली. "काढून टाकली," म्हणाले. "ती कळ माझ्या हाताखाली नको."

त्या भोकाच्या खाली स्पेसची लांबलचक कळ होती, जिथल्या तिथं.

"तुम्ही होता त्या वेळी," सर म्हणाले. चष्म्याआडून ते थेट माझ्याकडं बघत होते. "तुम्हाला आठवतं का हो, भिंत नेमकी कधी काढली मी? मला काढल्याचं आठवतच नाही. फार प्रयत्न करतो. टाकी आठवते. भिंत नाही आठवत. मग वाटतं, हे आठवत नाही तर आणखी काय काय केलं असेल मी."

पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. त्यासाठीच तर गेलो होतो. तोंड उघडलं. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली.

"घ्या सर," मी म्हणालो. "गार होतोय."

परतताना मी स्टँडवर फार वेळ उभा होतो. एक गाडी जाऊ दिली. आता कशाची भीती आहे, मी स्वतःला विचारतो. ते सचिव आज संस्थेत नाहीत. मान्यता कुणी काढून घेणार नाही. मावशी काठी टेकत अजून शाळेत येतात, खुर्चीवर बसून तांदूळ निवडतात, मला बघितलं की "बरं हाय न्हवं सर?" म्हणतात. तरी पेनड्राइव्ह अजून माझ्याच खिशात आहे. समजा, मी सांगितलं आणि त्यांना पटलंच नाही. समजा पटलं, आणि एवढी वर्षं ज्या माणसाला मी त्याच्याच डोक्याची भीती घातली, त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. 'समजा' आता माझ्याकडं राहायला आलंय. वर्गात पंख्याखाली मीही उभा राहत नाही.

हे लिहिल्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. सर वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाहीत आता. वाचलेलं खरंच वाचलं का, याची त्यांना खात्री वाटत नाही. मावशींना 'हं'च्या जागी 'नाही' म्हणायचं राहिलंय, तेही त्यांच्या तोंडावर. आणि सरांना वळसंगला जाऊन, चहा यायच्या आत, एवढं सांगायचं राहिलंय: भिंत तुम्ही मांडली होती, सर. तुम्ही काढली नव्हती. मी काढली.